तारण ठेवलेलं सोनं

*बाई, सप्रेम सलाम.*

*वय ५८. नगर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात राहतो. आमच्या घरात ख्रिस्ती होऊन ही चौथी पिढी. २००७ साली मी गावातल्या पतपेढीत रोखपाल होतो. घराचा स्लॅब अर्धवट राहिला होता, म्हणून रोकडीतून थोडे थोडे करत २८,००० रुपये उचलले. परत ठेवीन असं मनात होतं. त्याआधीच तपासणी लागली. जिल्हा बँकेत भरणा करायला शिपाई जायचा, त्यामुळे संशय त्याच्यावर गेला. मी त्याच खोलीत बसलो होतो. बोललो नाही. संचालक त्याला म्हणाले, पैसे भर, नाहीतर पोलिसांत देतो. त्याने बायकोच्या पाटल्या आणि मोहनमाळ, मिळून चार तोळे, आमच्याच पतपेढीत तारण ठेवून पैसे भरले. तारणाची पावती माझ्या हातची आहे. नोकरी गेल्यामुळे त्याला दागिने सोडवता आले नाहीत, लिलाव झाला. तो आता बाजारतळाजवळ पंक्चर काढतो. बायको चार वर्षांपूर्वी गेली. गाव अजून त्याला चोर म्हणतं. त्या पावतीची कार्बन प्रत मी का कोण जाणे जपून ठेवली आहे.*

*यंदा मला नात झाली. सात महिन्यांची आहे, हृदयाला छिद्र आहे. एका आरोग्यसभेतले प्रचारक म्हणाले, घराण्यात पाप लपलेलं आहे, पिढीचा शाप आहे, तो तोडायला विशेष उपवास-प्रार्थना करू, २१,००० रुपये दान द्या. आमच्या पाळकसाहेबांना मी अर्धंच सांगितलं. ते म्हणाले, प्रभूच्या रक्ताने सगळं धुतलं गेलंय, मागचं उकरू नका. बाई, माझ्या पापाची शिक्षा बाळाला मिळतेय का? देवाने क्षमा केली असेल तर मला झोप का नाही? अठरा वर्षं दर महिन्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाचा भाकर-प्याला घेतला, ते सगळं खोटं का? आता घ्यायला हात पुढे होत नाही. रात्री दोनला उठून बसतो. कधी वाटतं, मीच नसलो तर शाप माझ्याबरोबर जाईल.*

*एक वाचक*

बंधू, सप्रेम सलाम.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. तो विचार पुन्हा आला तर एकट्याने रात्र काढू नका. बायकोला उठवा. ते जमलं नाही तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, रात्रीअपरात्री बोलायला माणूस मिळतं, पैसे पडत नाहीत. आणि माझं एक ऐका. तुमच्या जाण्याने बाळाच्या हृदयाचं छिद्र बुजणार नाही. त्या खोलीत खरं काय घडलं हे सांगू शकणारा माणूस मात्र जगात एकच आहे, आणि तो तुम्ही आहात. तुम्ही जगायला हवं आहे. मला हवं आहे, तुमच्या नातीला हवं आहे, आणि पंक्चर काढणाऱ्या त्या माणसाला तर सगळ्यांत जास्त हवं आहे, त्याला ते ठाऊक नसलं तरी.

आता बाळाकडे येते.

बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू आणि शिष्य वाटेने चाललेले असतात. एक जन्मांध माणूस दिसतो, आणि शिष्य लगेच विचारतात, गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तुमचा प्रश्न हाच आहे, आईबापांच्या जागी आजोबा एवढाच फरक. येशूचं उत्तर सरळ आहे: याने नाही, याच्या आईबापांनीही नाही. पुढे तो चर्चा करत बसत नाही. जमिनीवर थुंकून चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि धुवून यायला पाठवतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची गोष्ट निघते. तिथेही तो विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच नाही म्हणतो.

प्रचारकांनी तुम्हाला बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातलं 'तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत' वाचून दाखवलं असणार. त्याला लागूनच हजारो पिढ्यांवर दया करण्याचं वचन आहे, तिथवर बहुधा कोणी वाचत नाही. आणि त्याच शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक आहे. बाबेलच्या बंदिवासातले लोक एक म्हण घोळवत बसले होते, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव संदेष्ट्याकरवी सांगतो, ही म्हण तुमच्या तोंडी यापुढे येता कामा नये. ज्याचं पाप त्याचं त्याला. अठरावा अध्याय सगळा याच्यावर आहे. आज रात्री दोनला उठाल तेव्हा तोच उघडा.

दावीद राजाचं काय, असं तुमच्या मनात येणार, कारण तुम्ही चौथ्या पिढीचे आहात आणि शास्त्र लहानपणापासून ऐकलंय. नाथान संदेष्टा दावीदाला तोंडावर सांगतो की ज्याने हे पाप केलं तो माणूस तूच आहेस. दावीद कबूल होतो. देवाने तुझं पाप दूर केलं आहे, असं नाथान म्हणतो, आणि तरी दावीदाला बथशेबेपासून झालेलं बाळ जातं. हा अध्याय मला आजही जड जातो आणि मी तो तुमच्यासाठी सोपा करणार नाही. पण तो एका राजाला, एका संदेष्ट्याने, एकदाच सांगितलेला शब्द आहे. तो उचलून कुठल्याही आजारी लेकराच्या पाळण्याला टांगायचा अधिकार कोणाला दिलेला नाही, सभेतल्या प्रचारकाला नाही आणि तुम्हालाही नाही. दावीदाच्या घरात पुढे जे झालं ते नीट वाचा. बापाने दुसऱ्याची बायको आणली आणि तिच्या नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. मग मोठा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारेवर जबरदस्ती करतो, अबशालोम त्याचा खून पाडतो आणि शेवटी बापावरच उठतो. यासाठी आकाशातून शाप पडावा लागला नाही. घरातला कर्ता काय करून पचवतो हे पोरं बघत होती. पापाचा परिणाम म्हणतात तो बहुतेक वेळा असा, चालत्या पायांनी घरात येतो. बाळाच्या हृदयात छिद्र पाडून येत नाही.

पंडिता रमाबाई तुम्हाला माहीत आहेतच. दौंडजवळच्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे. अनाथ, विधवा, दुष्काळातल्या मुली, कोणालाही त्यांनी दारातून परत पाठवलं नाही. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली त्यांच्या हयातीतच गेली आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. ही कोणत्या पापाची शिक्षा म्हणायची? मला तर तो हिशेब मांडायचंही धाडस होत नाही.

जन्मजात हृदयदोष दर हजारात आठ ते दहा बाळांना असतो. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, काही छाती न उघडता बंद करता येतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. गावातल्या अंगणवाडीताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. २०१३ मध्ये तो आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची तपासणी आणि हृदयाचे उपचार त्यातून मोफत होतात. ते २१,००० रुपये पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांना लागतील, जपून ठेवा. प्रभूच्या नावाने शाप तोडण्याचा दर ठरवला जातो तेव्हा माझं रक्त उकळतं. याच धंद्याविरुद्ध ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन लूथर हा धर्मगुरू जर्मनीतल्या विटेनबर्गला उभा राहिला होता. तिकडे तेव्हा पैसे देऊन पापाच्या शिक्षेतून सूट विकत मिळायची. त्याच्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य हाच पश्चात्ताप असावा, हीच प्रभूची इच्छा. त्याला दर नसतो आणि पावती नसते.

तुमच्या पाळकसाहेबांवर मला राग नाही. तुम्ही त्यांना अर्धं सांगितलंत, त्यांनी तुम्हाला अर्धं उत्तर दिलं. उरलेल्या अर्ध्यासाठी मला आपल्या एका शब्दाकडे जावं लागेल. तो शब्द म्हणजे तारण. नोकरीत तुम्ही तो गहाणाच्या अर्थाने रोज लिहिलाय आणि रविवारी उपासनेत पापातून सुटका या अर्थाने ऐकलाय.

माझे वडील पाळक होते. पगार बेताचा, खाणारी तोंडं सात. जूनमध्ये शाळेची पुस्तकं आली की आईच्या पाटल्या सराफाकडे तारण जायच्या आणि नाताळाच्या आधी सुटायच्या. सोडवायला जाताना ती मला बरोबर न्यायची. सराफ आतून कापडाची पुरचुंडी आणायचा. गाठीवर लाखेचं सील, बांधलेल्या चिठ्ठीवर आईचं नाव. सील अखंड आहे ना हे आई उजेडाकडे धरून बघायची, मगच फोडू द्यायची. पाटल्या हातात आल्या की पदराच्या टोकाने पुसायची आणि तिथेच, दुकानात उभ्या उभ्या घालायची. घरी येईपर्यंत तिला धीर नसायचा. रविवारी वडील वेदीजवळ उभं राहून 'तारण' म्हणाले की मला ती पुरचुंडी दिसायची, आणि अजून दिसते. पुढे कळलं की मूळ अर्थ याच्या फार जवळचा आहे. नव्या करारात 'खंडून घेणे' म्हणतात ते शब्द गुलाम आणि कैदी किंमत मोजून सोडवण्याच्या व्यवहारातले आहेत. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून, सुटकेची किंमत म्हणून, द्यायला आला, असं मार्क लिहितो तेव्हा तो याच बाजाराची भाषा बोलत असतो.

सोडवण्यात दोन गोष्टी असतात. कोणीतरी किंमत भरतो, आणि वस्तू ज्याची त्याच्या हातात परत जाते. वधस्तंभावर किंमत भरली गेली, तुमच्यासाठीसुद्धा. त्यात तुम्ही एक पैसा घालू शकत नाही आणि घालायचाही नाही. इथवर पाळकसाहेबांचं बरोबर आहे. पण त्या माउलीच्या पाटल्या तिच्या हातात परत गेल्या नाहीत. ती गेली तेव्हा तिचे हात मोकळे होते. त्या माणसाचं नाव त्याला परत मिळालेलं नाही. ते अजून तुमच्याकडे तारण पडलेलं आहे, आणि गेली अठरा वर्षं तुम्ही त्याच्यावर बसून आहात.

म्हणून झोप नाही. देव तुम्हाला छळतोय असं मला वाटत नाही. तुमच्यात अजून काहीतरी जिवंत आहे आणि ते दुखतंय. बधिर झालेलं बोट दुखत नाही.

पाप या शब्दासाठी जुन्या करारात जो हिब्रू शब्द जास्त करून येतो, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं असा आहे. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या लोकांचं वर्णन आहे, गोफणीने केसावर गोटा मारला तरी नेम चुकायचा नाही असे. तिथे तेच क्रियापद आहे. गोफण तुमच्याकडे ज्वारीच्या राखणीला बघितलीच असेल. चुकलेला गोटा हवेत विरत नाही, कुठेतरी जाऊन लागतोच. उपदेशांत आपण फक्त मारणाऱ्याबद्दल बोलतो, त्याचा नेम कसा चुकला, देवाने त्याला कसं माफ केलं. ज्याला गोटा लागला तो बांधावर रक्ताळून बसलेला असतो, त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. आपल्या मंडळ्यांचा हा मोठा दोष आहे आणि मी तो चाळीस वर्षं बघत आलेय. साक्षी सांगायला माणसं उभी राहतात, मी असा होतो, प्रभूने मला असा बदलला, सगळे हालेलुया म्हणतात. ज्यांना त्यांनी बुडवलं ती माणसं त्या सभेत नसतात.

एक्कावन्नावं स्तोत्र तुम्ही अठरा वर्षांत किती वेळा म्हटलं असेल! त्यात दावीद म्हणतो की तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे. या 'केवळ'च्या आड लपायला फार सोपं जातं. पण दावीदाला दुसरं दार उरलंच नव्हतं. बथशेबेचा नवरा उरीया मेला होता. तुमचा उरीया जिवंत आहे, बाजारतळाजवळ बसलेला आहे, आणि तुम्ही त्याच्यासमोरून रोज जाता.

आता जक्कय घ्या. लूकचा एकोणिसावा अध्याय. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. बघा, अजून जक्कयाने काही कबूल केलेलं नाही, परत दिलेलं नाही. आधी येशू घरात आला. मग जक्कय उभा राहून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. हा क्रम तुम्ही घट्ट धरा. क्षमा मिळावी म्हणून त्या माणसाकडे जायचं नाही, क्षमा मिळाली आहे म्हणून जायचं. अठरा वर्षं पाय उचलला नाही तो आता उचलेल, कारण आता गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. जे खरं मोलाचं होतं ते दुसऱ्याने तुमच्यासाठी आधीच भरलंय.

प्रभुभोजनाचं विचारलंत. ते खोटं नव्हतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं लागली. ती वर्षं वाया गेली असं त्या म्हणत नाहीत. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूचा शब्द स्पष्ट आहे. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. हात पुढे होत नाही म्हणता ना? तो हात तुमच्या पाळकसाहेबांपेक्षा शहाणा आहे. भाकर-प्याला थोडे दिवस राहू द्या, शिक्षा म्हणून नव्हे. आधी बाजारतळावर जा, मग मेजाकडे या.

कॅथलिक मंडळींची एक गोष्ट मला फार पटते. पापनिवेदनात, गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात त्यात, फादर पापक्षमा देतात. पण शेजाऱ्याचं जे नुकसान केलं ते शक्य तितकं भरून द्यायला हवं, ही शिकवण तिथे ठाम आहे. चोरलेलं परत करा, कोणाची अब्रू घालवली असेल तर ती परत मिळवून द्या. आपण प्रॉटेस्टंटांनी हे ओझं खाली ठेवलं आणि त्याच्याबरोबर थोडा न्यायही खाली ठेवला, असं मला वाटतं.

हिशेब करूया, तुम्ही रोखपाल होता. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा: २८,००० अधिक ५,६००, म्हणजे ३३,६००. जक्कयाच्या चौपटीने १,१२,०००. पण २००७ साली तोळा दहा हजाराच्या आसपास होता आणि आज लाखाच्या पुढे आहे. चौपट दिलंत तरी त्यात तोळाभर सोनं येईल की नाही शंकाच, गेलं ते चार तोळे. नोकरीचा पगार, फंड, बायकोचं आजारपण, हे मी मांडलेलंच नाही. रक्कम ठरवताना त्या माणसाचं नुकसान सोन्याच्या भावाने मोजा, रुपयाच्या नव्हे. स्लॅब त्याच पैशांचा आहे. तो विकता येत नाही, पण त्या घरावर कर्ज काढता येतं. एकरकमी जमणार नसेल तर हप्ते ठरवा आणि लिहून द्या.

जाण्याआधी बायकोला सगळं सांगा. तिला हे गावातून कळता कामा नये. मुलालाही सांगा. दावीदाच्या मुलांनी बापाचं पाप बघितलं होतं. तुमच्या मुलाला बापाची कबुली बघायला मिळू द्या. एखाद्या वकिलाला भेटा, पण त्याला 'यातून सुटू कसा' असं विचारू नका. 'खरं सांगायचं ठरवलंय, पुढे काय काय होईल' असं विचारा. तक्रार झाली तर तीही सोसावी लागेल. जक्कयाने उभं राहून सांगताना अटी घातल्या नव्हत्या.

मग जा. बाजाराच्या दिवशी नको, गर्दी असते. आडवारी सकाळी जा, दुकान उघडल्या उघडल्या. एकटे जा. पाळक नको, बायको नको. नातीचा विषय काढायचा नाही, हे मी हात जोडून सांगते. आजारी बाळाचं नाव घेतलंत तर त्या माणसाला नाही म्हणायची सोय राहणार नाही, आणि अठरा वर्षांनी तुम्ही त्याच्याकडून आणखी एक गोष्ट हिसकावून घ्याल. 'प्रभूने मला क्षमा केली, तुम्हीही करा' हे तर चुकूनही नको. त्याची क्षमा त्याची आहे. द्यायची तर तो देईल, त्याला वाटेल तेव्हा. तुम्ही एवढंच सांगायचं, ते पैसे मी घेतले होते, तुम्ही नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. कारणं सांगू नका. स्लॅबचं सांगू नका. तो शिव्या देईल, ऐकून घ्या. तो हात उचलेल, तर उभे राहा. तो काहीच न बोलता ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसेल, तर तसेच थोडा वेळ बसा. चहा विचारला तर प्या.

त्याने हाकलून दिलं तरी काम संपत नाही. त्या खोलीत जे संचालक होते त्यांतले हयात असतील त्यांच्याकडे जा, पतपेढीला लेखी द्या. त्याला चोर ठरवलं ते चार माणसांसमोर, मग ते पुसलंही चार माणसांसमोरच जायला हवं. पण हे त्याला विचारून करा. कदाचित त्याला तो विषय पुन्हा चावडीवर नको असेल. आता तरी त्याच्या नावाचं काय करायचं हे त्याला ठरवू द्या.

आणि हे केल्यावर बाळ बरं होईल अशी मनात गाठ बांधू नका. देवाशी तसा सौदा होत नाही. बाळासाठी आपण सगळे प्रार्थना करूच, मी आजपासून करतेय. पण ते खातं वेगळं आणि हे खातं वेगळं. ती बरी झाली तरी तुम्हाला जायचंय, तिचं दुखणं वाढलं तरी जायचंय.

भीती वाटतेय, हे तुमच्या अक्षरात दिसतं. येशूच्या शिष्याला, पेत्राला पण वाटली होती. येशूला पकडून नेल्यावर प्रमुख याजकाच्या अंगणात लोक कोळशाचा विस्तव करून शेकत होते, तिथे उभं राहून त्याने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर येशू त्याला भेटतो तेव्हा तिथे कोळशाचा विस्तव असतो, वर मासळी ठेवलेली. संबंध नव्या करारात हा शब्द या दोनच ठिकाणी येतो. त्या वासानेच पेत्राच्या पोटात कालवलं असेल. येशूने त्याला दुसरीकडे नेऊन गोड बोलून सोडलं नाही. तसल्याच विस्तवाशी बसवलं, जेवू घातलं, आणि तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? जेवढ्या वेळा नाकारलं तेवढ्या वेळा. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, त्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी त्याने परतही केली होती. पण तो याजकांकडे गेला, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? मग तो एकटाच निघून गेला. पस्तावा दोघांनाही झाला होता. पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांत राहिला, आणि होडीतून उडी टाकून येशूकडे गेला.

जाताना ती कार्बन प्रत बरोबर घ्या. तिच्यावर त्यांच्या बायकोचे दागिने लिहिलेले आहेत, पाटल्या आणि मोहनमाळ, वजनासकट, तुमच्या अक्षरात. त्या दागिन्यांचं एवढंच काय ते शिल्लक आहे. ती घडी उलगडून त्यांच्या हातात द्या. परत मागू नका.

तुमची,
बाई